शहराचं नाव लिहिलं आणि माझंच नाव बदललं

पडवी | रवि, १२ जानेवारी २०२५, २१:४०

मंडळी, हा धागा वर्षभर उशिरा काढतोय. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या 'भटकंती' विभागात मी एक साधा प्रश्न टाकला होता. आईला वेरूळ-अजिंठा दाखवायचं होतं. ती त्र्याहत्तर वर्षांची, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि शाळेच्या पुस्तकात कैलास लेण्याचं चित्र पाहिल्यापासून "एकदा बघायचंय" हे पालुपद चालूच. मी विचारलं होतं: ठाण्याहून औरंगाबादला जाऊन तीन दिवसांत दोन्ही लेणी होतील का, आईला चढायला कितपत आहे?

७४ प्रतिसाद आले. त्यातले गुडघ्याबद्दल दोन.

पहिला प्रतिसाद एवढाच होता: "छत्रपती संभाजीनगर म्हणायचं असेल तुम्हाला." मी लिहिलं, "तेच हो, रेल्वेच्या तिकिटावर औरंगाबाद छापलंय म्हणून तसं लिहिलं, काय फरक पडतो!" झालं. पुढच्या तासाभरात माझं कूळ निघालं, मूळ निघालं, मी कोणाची अवलाद आहे यावर तीन मतं पडली. मग माझ्या बाजूने काही लोक धावून आले. मी बोलावलं नव्हतं. त्यांनी समोरच्यांना 'अंधभक्त' म्हणून घेतलं आणि मला परस्पर 'आपला माणूस' ठरवलं. खरं सांगायचं तर विरोधकांपेक्षा हे पाठीराखेच मला महागात पडले.

धागा थंड झाला. शिक्का मात्र राहिला. मी इथे बारा वर्षं मुख्यतः आयकर विभागात लिहितो, पेशाने हिशेबनीस आहे. गेल्या जुलैत कुणीतरी विचारलं की जुनी करप्रणाली ठेवावी की नवी घ्यावी. मी आकडे मांडून सविस्तर उत्तर दिलं. त्याखाली पहिली ओळ: "फुरोगाम्यांकडून पैसे वाचवायचे सल्ले, हहपुवा." (फुरोगामी ही 'पुरोगामी'ची टवाळी, आणि हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट.) त्या ओळीला ३१ दाद. माझ्या उत्तराला उणे ४.

आता गंमत ऐका. २०१६ च्या नोव्हेंबरात याच संस्थळावर मला 'भक्त' म्हणत होते, कारण मी नोटाबंदीच्या धाग्यावर लिहिलं होतं की बँकेतली माणसं रात्री दहापर्यंत बसून काम करतायत, त्यांना शिव्या घालू नका. म्हणजे आठ वर्षांत मी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलो आणि मला पत्ताही नाही. माझी मतं तिथेच आहेत हो. बहुतेक.

लोक आधी आयडी वाचतात, मग त्यात एखादा शब्द सापडतो का ते बघतात, आणि वाक्य वाचायचं राहूनच जातं. असं तुमच्या बाबतीत झालंय का?

(आईला घेऊन अजून गेलेलो नाही.)


हरकाम्या | रवि, १२ जानेवारी २०२५, २१:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी धागा.


हरकाम्या | रवि, १२ जानेवारी २०२५, २१:५३

आणि कुठलंच नाव नको असेल तर 'खडकी' म्हणा. मलिक अंबरने वसवलं तेव्हाचं तेच नाव. हलके घ्या.


सुलू | रवि, १२ जानेवारी २०२५, २२:०५

> 'खडकी' म्हणा

आणि आईंना घेऊन पुण्याच्या दारूगोळा कारखान्यापाशी उतरा. :ड


शून्यगुणी | सोम, १३ जानेवारी २०२५, ००:३०

पडवी, तुमचा शेवटचा अंदाज बरोबर आहे आणि त्यावर प्रयोगही झालेला आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मुच्निक, अरल आणि टेलर या तिघांचा निबंध आला होता. एका बातम्यांच्या संस्थळावर पाच महिन्यांत पडलेल्या लाखभर प्रतिसादांवर त्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रतिसाद पडताक्षणी, तो काय आहे हे न बघता, काहींना एक खोटी दाद दिली, काहींना एक खोटं उणे दिलं आणि बाकीच्यांना हातच लावला नाही. ज्यांना फुकटची एक दाद मिळाली त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. एका दादेने! उणे मात्र लोकांनी भरून काढलं. आणि हा कळपाचा परिणाम सगळीकडे सारखा नव्हता. राजकारण, समाज-संस्कृती आणि उद्योग या विषयांत तो दिसला. अर्थशास्त्र किंवा निव्वळ गमतीच्या बातम्यांत दिसला नाही.

तुमच्या आयकराच्या उत्तराला खरं तर कुणी राजकारण समजायला नको होतं. पण वरच्या एका शब्दाने ते राजकारणात ओढलं गेलं, आणि मग कळप आपसूक आला.

दुसरं. शब्द तापलेला असला की तो जास्त पळतो, हेही मोजलंय. २०१७ चा ब्रेडी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ट्विटरवरचा होता. बंदुका, समलिंगी विवाह, हवामानबदल असे अमेरिकेतले तापते विषय घेतले होते. नीती आणि भावना दोन्ही ज्यात आहेत असा एकेक शब्द वाढला की संदेश पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. 'कर वजावट' या शब्दाला ते नशीब कुठून येणार? 'फुरोगामी'ला आहे. त्या ३१ दादा विनोदाला नाहीत, इंधनाला आहेत.

(मी सॅन होजेला असतो, इथे सकाळ आहे, म्हणून एवढं लिहितोय. नाहीतर मीही वाचनमात्रच.)


देवगिरीकर | सोम, १३ जानेवारी २०२५, ०८:१५

त्या धाग्यावरचा पहिला प्रतिसाद माझा होता. म्हणून बोलणं भाग आहे.

पडवीसाहेब, तुम्ही कथा चांगली रंगवलीत, पण एक शब्द हळूच सरकवून पुढे गेलात: "काय फरक पडतो." तुम्हाला नसेल पडत. माझं बालपण गुलमंडीच्या मागे गेलं. १९८८ साली बाळासाहेबांनी सभेत 'संभाजीनगर' म्हटलं तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून आमच्या घरात, गल्लीत, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर तेच नाव आहे. पस्तीस वर्षं आम्ही सरकारी कागदावर एक आणि तोंडात एक असं जगलो. ज्याने संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं त्याचं नाव पत्त्यात लिहीत आलो. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली त्या दिवशी माझे वडील रडले होते. दहा महिन्यांनी मी तुम्हाला एका ओळीत, अहो-जाहो करून सांगितलं, आणि तुम्ही "काय फरक पडतो" म्हणालात. तुमच्या मते हा साधा शब्द. माझ्या कानाला तो साधा नव्हता.

शिव्या मी दिल्या नाहीत. त्या देणाऱ्यांचं मी समर्थनही करत नाही. पण मलाही त्याच धाग्यावर 'अंधभक्त' आणि 'गोमूत्रधारी' म्हटलं गेलं, त्याबद्दल तुमच्या लेखात अर्धं वाक्य आहे. आणि नामांतराचा ठराव आधी कोणी केला? २९ जून २०२२ ला महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने, ज्यात दोन्ही काँग्रेस होत्या. पुढच्या महिन्यात नव्या सरकारने 'छत्रपती' जोडून पुन्हा केला. मग तेही सगळे भक्त का? इथे लोकांना पक्षांचा इतिहास नको असतो, आपल्याला कोणत्या पेटीत टाकायचं तेवढंच हवं असतं.


खडूस_काका | सोम, १३ जानेवारी २०२५, ११:४०

देवगिरीकर, तुम्ही 'नामांतर' हा शब्द किती सहज वापरलात. गंमत वाटली. आमच्या वेळी या शब्दावरून उपसंपादकांच्या टेबलावर पेपरवेट फेकून मारायची वेळ आली होती.

मी एका दैनिकात बत्तीस वर्षं उपसंपादक होतो. (नाव सांगत नाही, पेन्शन अजून अडकलीय.) १४ जानेवारी १९९४. संक्रांत. त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. मागणी 'नामांतरा'ची होती. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केलेला ठराव नामांतराचा होता. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली, आणि सोळा वर्षांनी जे झालं त्याला शासनाने नाव दिलं 'नामविस्तार'. म्हणजे जुनं नाव गेलं नाही, फक्त लांबलं. ज्यांना 'मराठवाडा' हा शब्द जाऊ द्यायचा नव्हता त्यांचीही समजूत, ज्यांना बाबासाहेबांचं नाव हवं होतं त्यांनाही ते मिळालं. शब्द म्हणून बघाल तर कारागिरी आहे.

पण मथळ्यात काय लिहायचं? आमच्या मुख्य उपसंपादकांनी 'नामांतर अखेर झाले' असं लावलं. रात्रपाळीच्या प्रमुखाने ते खोडून 'नामविस्तार' केलं. दोघांत बोलाचाली झाली आणि पुढचे काही महिने कार्यालयात दोघांची ओळख त्या एका शब्दावरून चालली: हा नामांतरवाला, तो विस्तारवाला. रात्रपाळीचा तो माणूस स्वतः नामांतराच्या मोर्चात चाललेला होता! त्याचं म्हणणं एवढंच की शासननिर्णयात जो शब्द आहे तो बातमीत यावा. कोण ऐकतो.

तेव्हा हे शिक्के मारायला तुमच्या दादा-उण्यांचं यंत्र लागत नाही. चहाचं टेबल पुरतं. चहावरून आठवलं, पुण्यात १८९० साली पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली, आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा वाद, उभं राहिलं. रानडे, टिळक, गोखले सगळे एकाच यादीत. म्हणतात की कोणी प्याले, कोणी पेल्याला नुसता हात लावला. यादीला त्याचं काय? टिळक आणि रानडे एका पेटीत बसलेले इतिहासात दुसरीकडे कुठे सापडतील तर दाखवा.


सुलू | सोम, १३ जानेवारी २०२५, १२:०२

काका, पुस्तक काढा हो आता. _/\_


विठूचा_गडी | सोम, १३ जानेवारी २०२५, १३:२०

माझं छोटंसं दुखणं. मी पायी वारी करतो, दरवर्षी इथे लिहितो. २०१९ ला लेखाचं नाव दिलं होतं 'एका भक्ताची वही'. पहिले दहा प्रतिसाद "कोणाचा भक्त?", "वही मोदींना दाखवली का?" असेच. लोकांनी हसत हसतच लिहिलं होतं, राग नाही. पण तुकोबांनी आयुष्यभर वापरलेला शब्द मला शीर्षकातून काढावा लागला. 'एका वारकऱ्याची वही' केलं. 'पुरोगामी'चंही तसंच झालंय ना. पूर्वी प्रत्येक पुढाऱ्याच्या भाषणाची सुरुवात "आपलं पुरोगामी महाराष्ट्र राज्य" अशी व्हायची, पक्ष कुठलाही असो. आता त्या शब्दाला आधी 'फ' लावतात.

दोन चांगले शब्द आपण भांडणात मोडून टाकले.


पाणचक्की | सोम, १३ जानेवारी २०२५, २२:४८

मी इथे नऊ वर्षं आहे. फार लिहीत नाही, पाककृती आणि कधीतरी ग़ज़लांच्या धाग्यावर. मी त्याच शहरात राहते. लग्नाआधीही तिथेच, लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून.

पडवीदादा, तुम्ही औरंगाबाद लिहिलंत तर तुम्हाला फुरोगामी म्हणाले. मी लिहिलं तर काय म्हणतील ते मला लिहायची गरज नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आणि संभाजीनगर लिहिलं तर? एकदा लिहून पाहिलं. २०२३ च्या मे महिन्यात, खिम्याच्या पाककृतीत, "आमच्या छत्रपती संभाजीनगरला असा करतात". एकाने लिहिलं, "वा, सुधारलात." दुसऱ्याने लिहिलं, "घाबरू नका ताई, आम्ही आहोत." दोघांनीही चांगल्या मनाने लिहिलं असणार. त्या रात्री मी तो धागा संपादकांना सांगून काढून टाकला.

तेव्हापासून इथे मी शहराचं नाव लिहिलेलं नाही. 'आमच्याकडे' लिहिते. 'शहरात' लिहिते. शोधून बघा, पावणेदोन वर्षांत एकदाही नाही. तुम्ही लोक म्हणता शब्दावरून माणूस ओळखतात. माझ्या बाबतीत आधी माणूस ओळखतात आणि मग शब्दाची वाट बघतात.

देवगिरीकर भाऊ, तुमचे वडील रडले ते मी समजू शकते. माझे वडीलही त्या दिवशी गप्प होते. त्यांना औरंगज़ेबाचं काही कौतुक नव्हतं, त्यांची एसटीत नोकरी होती. तीस वर्षं ते बसच्या पाटीवर एक नाव बघत आले, एवढंच.


देवगिरीकर | सोम, १३ जानेवारी २०२५, २३:३०

ताई, वाचलं. उद्या लिहितो.


यादवकुळी | सोम, १३ जानेवारी २०२५, २३:४१

[हा प्रतिसाद संपादित केला आहे. - व्यवस्थापक]


निळी_शाई | मंगळ, १४ जानेवारी २०२५, १०:१०

आज १४ जानेवारी. मी विद्यापीठाच्या गेटपाशी रांगेत उभी राहून फोनवरून लिहितेय, त्यामुळे शुद्धलेखन तपासू नका. दरवर्षी येते. आजी यायची, मग आई, आता मी. बसेस भरभरून येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीतं चालू असतात. सरकारी पत्रकावर 'नामविस्तार दिन' असतं. आमची आजी मरेपर्यंत 'नामांतर'च म्हणायची. आजोबांचे जोडीदार ७८ मध्ये गाव सोडून गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हाच्या दंगलीत मारल्या गेलेल्या पोचिराम कांबळेंचं नाव आमच्या घरात अजूनही घेतात. "एवढं सगळं सोसलं ते विस्तारासाठी होय?" असं ती विचारायची. त्यामुळे खडूस काका, तुम्ही म्हणता ती 'कारागिरी' आम्हाला वेगळी दिसते. ज्यांना समजूत घालून घ्यायची चैन होती त्यांची समजूत घातली गेली.

धाग्याबद्दल. पडवी यांचं दुःख खरं आहे, मी नाकारत नाही. पण या सगळ्या चर्चेच्या मागे एक समज दिसतोय, की कुठेतरी एक 'साधा' शब्द असतो, न तापलेला, आणि आपण सगळ्यांनी तो वापरला की झालं. असा शब्द कोणाकडे असतो? ज्याला निवडावाच लागला नाही त्याच्याकडे. आम्हाला 'हरिजन' म्हटलं गेलं, ते आम्ही निवडलं नव्हतं. 'दलित' आम्ही निवडला, १९७२ ला पँथरने तो छातीवर लावला. मग २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितलं की हा शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. त्याच्या मागे नागपूर खंडपीठाचा आदेश होता आणि याचिका आमच्यातल्याच माणसाची होती. म्हणजे आमच्यातही एकमत नाही. असू दे. भांडू आम्ही.

इथे मी आठ वर्षांपूर्वी आले तेव्हा यंत्रभागांच्या घर्षणावर एक लेख लिहिला होता. मी मेकॅनिकल शिकवते. तिसऱ्या प्रतिसादात विचारलं गेलं, "प्रवेश कोणत्या कोट्यातून?" त्यात एकही शिवी नव्हती हो. एकही 'तापलेला' शब्द नव्हता. व्यवस्थापनाने काढला नाही कारण नियमात बसत होता. शून्यगुणी, तुमचे ते २० टक्के तिथे कुठे मोजणार?


शून्यगुणी | मंगळ, १४ जानेवारी २०२५, १०:५५

नाही मोजता येणार. मान्य.


खडूस_काका | मंगळ, १४ जानेवारी २०२५, १२:३०

निळी_शाई, 'कारागिरी' हा शब्द मी उपसंपादकाच्या डोळ्यांनी लिहिला. तुमच्या आजीच्या डोळ्यांनी वाचला असता तर लिहिला नसता. बाकी बोलत नाही. गेटवर गर्दी असेल, जपून.


देवगिरीकर | मंगळ, १४ जानेवारी २०२५, १९:४५

काल म्हणालो होतो. आज लिहितो.

पाणचक्की ताई, "वा, सुधारलात" हे मी लिहिलं नव्हतं, पण मी त्याला दाद दिली होती. आत्ता आठवलं. जुना धागा उडालाय म्हणून दाखवता येत नाही, पण दिली होती. तुम्हाला ते आवडलं नसेल, याचा विचारही तेव्हा मनात आला नव्हता.

आता पडवीसाहेब. तुमच्याकडे परत येतो, कारण तुम्ही स्वतःला फार धुतल्या तांदळाचे समजताय. काल रात्री मी जुने धागे चाळत होतो. 'बोरू' हा आयडी आठवतो? मोडी लिपीवर लेखमाला लिहायच्या. मी मोडी त्यांच्याकडूनच शिकायला लागलो. पाचव्या भागात त्यांनी पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना वाटायच्या दक्षिणेचा एक हिशेबाचा कागद वाचून दाखवला होता. रमण्यात किती जणांना किती वाटलं, एवढंच. स्वतःचं मत एका ओळीचंही नाही. त्याखाली सप्टेंबर २०१४ मध्ये पहिला प्रतिसाद आहे: "फुरोगामी चष्म्यातून मोडीही वाकडी दिसते वाटतं." ४३ दाद. प्रतिसाद देणारा आयडी पडवी.

या संस्थळावर 'फुरोगामी' हा शब्द त्याआधी कोणी वापरलेला मला तरी सापडला नाही. शोधाच्या खिडकीत टाकून बघा.


हरकाम्या | मंगळ, १४ जानेवारी २०२५, १९:४९

आई गं.


सुलू | मंगळ, १४ जानेवारी २०२५, २०:१५

बोरूताईंनी सातव्या भागानंतर लिहिणंच बंद केलं ना? दहा भाग होणार होते. जोडाक्षरं राहिलीच. आता त्यांचा आयडी 'सदस्य निष्क्रिय' दाखवतो.


व्यवस्थापक | मंगळ, १४ जानेवारी २०२५, २१:००

व्यक्तिगत रोख टाळावा. धागा वाचनमात्र करायची वेळ आणू नये. कालचे दोन प्रतिसाद काढले आहेत, का ते विचारू नये.

दादेच्या आकड्याबद्दल बरेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत म्हणून लिहितो. आकडा २०१२ मध्ये आणला तेव्हा हेतू असा होता की चांगलं लेखन वर यावं. तो दिसायचा बंद करावा का, यावर मंडळात दोनदा चर्चा झाली. दोन्ही वेळा विरोध सर्वाधिक दाद असलेल्या सदस्यांचा होता.


शून्यगुणी | मंगळ, १४ जानेवारी २०२५, २२:१०

> दिसायचा बंद करावा का

स्लॅशडॉट या अमेरिकन चर्चास्थळाने हे फार पूर्वी केलं. त्यांच्याकडे 'कर्म' आकड्यात दिसायचं, लोक आकडा वाढवायचा खेळ खेळायला लागले, मग त्यांनी आकडा लपवून 'उत्तम', 'ठीक' असे शब्द ठेवले. हॅकर न्यूजवर दुसऱ्याच्या प्रतिसादाचे गुण आपल्याला दिसतच नाहीत, फक्त लिहिणाऱ्याला दिसतात. रेडिटवर काही गट पहिले काही तास आकडा झाकून ठेवतात. वर सांगितलेल्या प्रयोगाशी हे जुळतं: सुरुवातीची दाद दिसली नाही तर कळप कशाच्या मागे जाणार?

उण्याबद्दल मात्र सावध. २०१४ चा चेंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, चार संस्थळांवरचा. ज्यांना उणे मिळालं ते गप्प बसले नाहीत. ते जास्त लिहायला लागले, आधीपेक्षा वाईट लिहायला लागले, आणि इतरांनाही जास्त उणे द्यायला लागले. निघून गेले ते ज्यांना काहीच मिळालं नाही ते.

बोरूताईंना काय मिळालं होतं ते मला माहीत नाही.


पडवी | बुध, १५ जानेवारी २०२५, २३:२०

काल दिवसभर इथे आलो नाही. खरं म्हणजे आलो, वाचलं, आणि बंद केलं.

देवगिरीकर बरोबर आहेत. तो प्रतिसाद माझाच. मला तो अजिबात आठवत नव्हता, आणि हेच जास्त वाईट आहे. काल तो परत परत वाचला. बोरूताईंच्या लेखात राग येण्यासारखं काहीही नाही. नुसती रक्कम आणि माणसांची संख्या. पण तेव्हा निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, घरी, कार्यालयात, गाडीत, सगळीकडे तेच वातावरण, आणि मला कुठूनतरी हा शब्द सापडला होता. तो कधी एकदा वापरतो असं झालं होतं. ४३ दाद. तोपर्यंत माझ्या कुठल्याही प्रतिसादाला पाचाच्या वर मिळाल्या नव्हत्या. त्या रात्री मी बायकोला मोबाइल दाखवला होता. ते मात्र काल नीट आठवलं.

म्हणजे जुलैत माझ्या आयकराच्या उत्तराखाली ज्याने तो शब्द टाकला, त्याला तो इथे माझ्याच हातून मिळाला असण्याची शक्यता आहे.

'काय फरक पडतो' बद्दलही. लिहिताना मी चिडून लिहिलं होतं, साळसूदपणे नाही. एक गावचा माणूस मला शिकवतोय म्हणून. इथे परवा लिहिताना ते वाक्य मी मुद्दाम साधं करून लिहिलं.

बोरूताईंना व्यनि करून बघितला. जात नाही. कोणाकडे त्यांचा दुसरा पत्ता असेल तर इथे टाकू नका, फक्त त्यांना एवढं कळवा की आठवा भाग वाचायला मी थांबलोय. माफी त्यांना हवी असेल तर मागीन, नको असेल तर गळ्यात मारणार नाही.

निळी_शाई, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. तो घर्षणाचा लेख मी काल शोधून वाचला. घर्षण कमी झालं की झीज कमी होईलच असं नाही, हे मला माहीत नव्हतं.


निळी_शाई | गुरु, १६ जानेवारी २०२५, ०७:३०

वंगणावर दुसरा भाग लिहून पडलाय आठ वर्षं. बघते.


हरकाम्या | गुरु, १६ जानेवारी २०२५, ०९:०५

शतक काही होत नाही आता. सगळे शहाणे झाले. पैसे परत.


देवगिरीकर | गुरु, १६ जानेवारी २०२५, २१:१५

पडवीसाहेब, नावाबद्दल माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. तुम्ही काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

आईंचं वय बघता सांगतो. सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने या, दुपारपर्यंत पोचता. त्या दिवशी काही करू नका. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, म्हणून वार बघूनच बेत करा, निम्मे लोक तिथेच फसतात. बुधवारी वेरूळ: कैलास म्हणजे सोळावं लेणं फाटकाच्या अगदी समोर, चढ जवळजवळ नाहीच, आई आरामात बघतील. बाकीच्या लेण्यांचा हट्ट नको. गुरुवारी अजिंठा, शंभर किलोमीटर आहे, पहाटे निघा. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्याला सोडावी लागते, तिथून त्यांच्या बसने चार किलोमीटर. मग पायऱ्या आहेत, गुडघ्याला त्रास होणार. पण डोलीवाले मिळतात, चार माणसं खुर्ची उचलतात. भाव आधी ठरवा. आईंना संकोच वाटेल, तरी बसवा. आतल्या लेण्यांत उजेड मंद असतो, चित्रांसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की डोळे सरावतात आणि मग दिसायला लागतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात या. मार्चनंतर ऊन सोसणार नाही.


पाणचक्की | गुरु, १६ जानेवारी २०२५, २२:०२

आणि तिसऱ्या दिवशी रात्री जेवायला आमच्याकडे. आई शाकाहारी असतील तर आधी सांगा, नाहीतर नान-खलिया करते.


पडवी | गुरु, १६ जानेवारी २०२५, २२:२०

शाकाहारी आहे. मी नाही.